घराण्याचा रोग की घरातला रोग? कोकण किनारा, कुष्ठरोग आणि आनुवंशिकतेचा जुना वाद

१.
सोयरीक जुळवताना दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या घराण्याची चौकशी करीत. कुळ, गोत्र, जमीनजुमला यांची विचारपूस झाली की एक प्रश्न आवाज खाली आणून विचारला जाई : "घराण्यात काही नाही ना?" या ‘काही’त वेड असे, क्षय असे आणि सर्वांत धास्तीचा म्हणजे महारोग असे. एकाच्या अंगावरचा चट्टा भावंडांची, मुलांची आणि पुतण्यांची लग्ने अडवीत असे, कारण रोग रक्तातून उतरतो अशी समजूत पक्की होती. ही समजूत खेड्यापाड्यांपुरती नव्हती. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या नामांकित वैद्यकसंस्थेनेही तिच्यावर शिक्कामोर्तब केले होते. ती कशी मोडली आणि मोडल्यानंतरही तिच्यातला कोणता अंश खरा ठरला, याचा हा थ्रेड.

२.
आधी स्थळ आणि शब्द. उरण, अलिबाग, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन हा आजच्या रायगड जिल्ह्याचा किनारा. १९८१ पूर्वी या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातील ज्या भागांत या रोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळत, त्यांत कोकणाची गणना होई. मराठीत त्याला महारोग, रक्तपिती अशी नावे होती. जुन्या संस्थांच्या आणि कायद्यांच्या नावांत ती आजही भेटतात. आज आपण कुष्ठरोग म्हणतो. पांढरे कोड हा अगदी निराळा विकार आहे. त्यात त्वचेचा रंग जातो, पण संवेदना शाबूत राहते. कुष्ठरोगात चट्टा बधिर होतो. हा फरक न कळल्यामुळे कोड असलेल्या कित्येकांनाही विनाकारण वाळीत पडावे लागले.

३.
हा रोग भारतात किती जुना? राजस्थानातील बालाथल येथील उत्खननात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा एक सांगाडा सापडला आणि त्याच्या हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा ओळखता आल्या. ग्रंथांतही त्याची चर्चा विस्ताराने आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील कुष्ठावरचा अध्याय आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचा आहे. माता-पित्यांच्या बीजात कुष्ठाचा दोष असेल तर संततीलाही तो होतो, असे त्यात सांगितले आहे. त्याच अध्यायात पुढे सहवास, स्पर्श, एकत्र जेवणे आणि एका शय्येवर निजणे यांनी माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या रोगांत कुष्ठाचा समावेश केला आहे. ‘कुष्ठ’ या संज्ञेत तेव्हा अनेक त्वचाविकार येत, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही वंश आणि संसर्ग अशी दोन्ही उत्तरे एकाच अध्यायात शेजारी नांदत होती.

४.
एकोणिसाव्या शतकातील युरोपने मात्र त्यांतले एकच उत्तर निवडले. या रोगाचे तेव्हाचे सर्वांत मोठे अभ्यासकेंद्र होते नॉर्वेतील बर्गेन. तिथल्या दर्यावर्दी, गरीब किनाऱ्यावर रुग्ण हजारोंनी होते. डॅनियल डॅनियल्सन आणि विल्हेल्म बोएक या वैद्यांनी १८४७ मध्ये या रोगाचे पहिले आधुनिक वर्णन प्रसिद्ध केले. एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या रुग्ण दिसतात, म्हणून रोग आनुवंशिक आहे, असे त्यांचे मत होते. ते सिद्ध करण्यासाठी डॅनियल्सन यांनी रुग्णाच्या गाठीतील द्रव्य स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. सहकाऱ्यांनाही टोचले. कोणालाच रोग झाला नाही. यापेक्षा भक्कम पुरावा तो कोणता, असे त्या काळी कोणालाही वाटले असते. डॅनियल्सन यांचा हा प्रयोग ध्यानात ठेवा. त्याचे खरे उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

५.
ब्रिटिश साम्राज्यानेही चौकशी केली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने वसाहतींतील वैद्यांना प्रश्नावल्या पाठवल्या आणि १८६७ मध्ये अहवाल दिला : रोग संसर्गजन्य नाही, तो शरीरप्रकृतीचा आणि वंशाचा आहे. सरकारला हा निष्कर्ष सोयीचा होता. रोग पसरतच नसेल तर रुग्णालये कशाला बांधायची आणि खर्च कशाला करायचा? रुग्णाच्या घरात मात्र त्याच निष्कर्षाचा अर्थ निराळा होता. बापाला रोग आहे, म्हणजे मुलाच्या कपाळीही तो लिहिलेला आहे. एका वाक्याने सरकार मोकळे झाले आणि लेकरे अडकली.

६.
याच सुमारास मुंबईत एक चिकित्सक वृत्तीचा माणूस काम करीत होता. हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे त्याचे नाव. जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी ज्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’वर पोसले गेले, तिच्या १८५८ सालच्या पहिल्या आवृत्तीतील चित्रे कार्टर यांनी काढली होती. त्याच वर्षी ते मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात त्यांना कुष्ठरुग्ण रोज दिसत. १८६७ साली इलाख्यात सरकारी पातळीवर रुग्णांची माहिती गोळा झाली, तिच्या आधारे कार्टर यांनी मुंबई इलाख्यातील या रोगाच्या प्रसाराचा आणि स्वरूपाचा अहवाल लिहिला. कोणत्या जिल्ह्यात किती रुग्ण, कोणत्या वयाचे, घरात आणखी कोणाला रोग आहे का, असे प्रश्न आता आकड्यांच्या भाषेत विचारले जाऊ लागले.

७.
मुंबईतील आणखी एका नावाचा इथे आदराने उल्लेख केला पाहिजे. डॉ. भाऊ दाजी लाड यांना आपण प्राचीन लेखांचे वाचक आणि इतिहाससंशोधक म्हणून ओळखतो. ते ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक होते आणि कुष्ठरोगावर उपचार करीत. कोकणात आणि सह्याद्रीत वाढणाऱ्या कडूकवठीच्या बियांचे तेल हे त्यांचे औषध होते. याच जातीच्या झाडांची तेले पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर या रोगावर वापरली गेली. गुण मर्यादित होता, वेदना आणि मळमळ मात्र फार. तरीही रोग वंशाचा म्हणून हात टेकण्याच्या काळात त्यावर इलाज शोधावासा वाटणे, हेच त्या काळाच्या मानाने पुष्कळ होते.

८.
आता पुन्हा बर्गेन. नॉर्वेने १८५६ पासून कुष्ठरुग्णांची राष्ट्रीय नोंदवही ठेवायला सुरुवात केली होती. डॅनियल्सन यांच्या हाताखाली काम करणारे, पुढे त्यांचे जावई झालेले गेरहार्ड आर्माउअर हान्सेन त्या नोंदी चाळीत आणि गावोगाव फिरत. त्यांना शंका आली की रुग्णांची साखळी रक्ताच्या नात्यापेक्षा एकत्र राहण्याच्या नात्याने अधिक नीट जुळते. १८७३ च्या फेब्रुवारीत त्यांना रुग्णाच्या गाठीतील द्रव्यात काडीसारखे सूक्ष्म जंतू दिसले. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला तो १८८२ मध्ये. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या मानवी रोगाशी एखाद्या जंतूचा संबंध जोडण्याचा मान त्यामुळे हान्सेन यांच्याकडे जातो. सासऱ्यांच्या सिद्धान्ताला जावयाने सूक्ष्मदर्शकाखाली छेद दिला होता.

९.
दीर्घ रजेवर असलेले कार्टर याच सुमारास नॉर्वेला जाऊन आले. १८७४ मध्ये त्यांनी नॉर्वेतील कुष्ठरोग आणि तिथली कुष्ठालये यांवर हिंदुस्थानच्या संदर्भासह अहवाल प्रसिद्ध केला आणि रुग्णांना वेगळे ठेवण्याची तिथली पद्धत इकडे आणावी असा आग्रह धरला. बर्गेनच्या प्रयोगशाळेतला वाद अशा रीतीने मुंबई इलाख्याच्या कारभारात येऊन पोहोचला.

१०.
पण जंतू दिसला म्हणजे तोच कारण आहे, हे सिद्ध होत नाही. हान्सेन यांना तो प्रयोगशाळेत वाढवता येईना. (आजही कृत्रिम माध्यमात तो वाढत नाही.) पुराव्याच्या हव्यासापायी १८७९ मध्ये त्यांनी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, दुसऱ्या रुग्णाचे द्रव्य टोचले. खटला झाला आणि १८८० मध्ये त्यांना रुग्णालयातील पद गमवावे लागले. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी हा प्रसंगही जंतूच्या शोधाइतकाच लक्षात ठेवावा.

११.
दुसरा पुरावा अधिक स्वच्छ होता आणि तो इतिहासकाराच्या पद्धतीने मिळाला. नॉर्वेतून अमेरिकेला गेलेल्या स्थलांतरितांत दीडशेच्या आसपास कुष्ठरुग्ण असल्याचे ठाऊक होते. १८८८ मध्ये हान्सेन अमेरिकेत गेले आणि मिनेसोटा, विस्कॉन्सिन या भागांत त्यांच्या मुलानातवंडांचा शोध घेत फिरले. रोग रक्तात असता तर समुद्र ओलांडूनही तो आला असता. वंशजांत त्यांना एकही रुग्ण आढळला नाही. रक्त तेच होते, घर बदलले होते. आनुवंशिकता आणि परिस्थिती यांची गुंतागुंत सोडवण्यासाठी स्थलांतरितांचा अभ्यास हे साधन आजही वापरले जाते, मधुमेहासाठी आणि हृदयरोगासाठीही.

१२.
मग इतक्या बुद्धिमान वैद्यांना रोग वंशाचा का वाटला? याचे उत्तर जंतूच्या संथपणात आहे. आतड्यातील साधा ई. कोलाय जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. कुष्ठरोगाच्या जंतूला त्यासाठी सुमारे १२ ते १४ दिवस लागतात. संसर्ग झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही.

आता किनाऱ्यावरच्या एका कौलारू घराची कल्पना करा. बाप मुंबईच्या गिरणीत, दहाजणांच्या खोलीत राहतो आणि शिमग्या-गणपतीला घरी येतो. त्याला चट्टा उठतो. मुलगा तेव्हा चार वर्षांचा आहे आणि पावसाळाभर त्याच्याच कुशीत निजतो. मुलाच्या अंगावर चट्टा उठतो तो अठराव्या वर्षी, बाप जाऊनही काही वर्षे लोटलेली असतात. तोवर त्या पावसाळ्याची आठवण कोणाला? गावाला दिसते ती एवढीच गोष्ट : बापाला होता, लेकाला झाला. सहवासाचा धागा काळाने पुसला जातो आणि रक्ताचा धागा तेवढा उरतो.

१३.
वंशाचा सिद्धान्त डळमळला तेव्हा तिसरे एक उत्तर पुढे आले, आणि ते आपल्या किनाऱ्याला थेट भिडणारे होते : मासळी. लंडनचे सर जोनाथन हचिन्सन हे तेव्हाचे मातब्बर शल्यवैद्य. नीट न खारवलेली, नासकी मासळी खाल्ल्याने कुष्ठरोग होतो, असा त्यांचा हट्टाचा सिद्धान्त होता. त्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले, १९०२–०३ च्या सुमारास हिंदुस्थानात फिरले आणि १९०६ मध्ये त्यांनी यावर एक ग्रंथच लिहिला. नॉर्वे, कोकण, मलबार असे रोगग्रस्त किनारे नकाशावर पाहिले की सिद्धान्त पटण्याजोगा वाटे. आपल्याकडेही मासे खाऊन वर दूध प्यायले तर अंगावर कोड फुटते, ही समजूत घरोघर होती आणि आयुर्वेदातील विरुद्धाहाराच्या कल्पनेत तिचे मूळ होते.

१४.
पण मासळी न खाणाऱ्या कुटुंबांतही रोग होता आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर, देशावर आणि विदर्भातही होता. उलट बोंबील, सुकट, सोडे यांवर पावसाळा काढणाऱ्या कोळीवाड्यांत असंख्य माणसे आयुष्यभर निरोगी राहत. हचिन्सन यांनी दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीला दुसरीचे कारण मानले. गंमत अशी की याच हचिन्सन यांनी गरोदर मातेकडून आलेल्या उपदंशात मुलांच्या दातांवर उमटणारी खूण वर्णन केली होती आणि ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्या काळी अशा उपदंशाला ‘आनुवंशिक’ म्हणत. वस्तुतः तो गर्भातला संसर्ग असतो. जन्मजात म्हणजे आनुवंशिक नव्हे, हा धडा वैद्यकाला फार उशिरा मिळाला.

१५.
दरम्यान रस्त्यांवर काय चालले होते? हवाईमधील मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने १८८९ मध्ये मरण पावले आणि जगभर भीतीची लाट उसळली. मुंबईत १८९० मध्ये महापालिका आयुक्त हॅरी अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंगा-वडाळा परिसरात कुष्ठालय उभे राहिले. आज ते त्यांच्याच नावाने चालते. इतिहासप्रेमी मराठी वाचकाला हे नाव दुसऱ्या कारणानेही ओळखीचे असेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध करणारे अ‍ॅकवर्थ ते हेच. कोकणातून पोटासाठी मुंबईत आलेल्या आणि रोग उघड होताच खोलीबाहेर काढलेल्या माणसांना असे कुष्ठालय हा आसराही होता आणि कोंडवाडाही.

१६.
१८९०–९१ मध्ये एक कुष्ठरोग आयोग हिंदुस्थानभर फिरला. त्याचा निष्कर्ष त्या काळाच्या मानाने बराच समंजस होता : रोग आनुवंशिकतेने पसरतो याला आधार नाही, तो संसर्गजन्य आहे पण फार कमी प्रमाणात, त्यामुळे सर्व रुग्णांना सक्तीने कोंडण्याचे कारण नाही. तरीही १८९८ मध्ये कायदा आला आणि निराधार, भीक मागणाऱ्या रुग्णांना पकडून कुष्ठालयात ठेवण्याची मुभा मिळाली. ज्याच्याकडे स्वतःचे घर आणि पडवी होती त्याला कायद्याने हात लावला नाही. जंतू गरीब-श्रीमंत पाहत नव्हता, कायदा पाहत होता.

१७.
वंशाच्या कल्पनेची सावली मालमत्तेवरही होती. जुन्या हिंदू धर्मशास्त्रानुसार अशा रोग्याला वारसाहक्क नाकारता येई. ती अपात्रता १९२८ च्या कायद्याने दूर झाली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मात्र उग्र आणि असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून राहिले.

१८.
याच जिल्ह्याने या लढ्याला एक मोठे नाव दिले. विनोबा भावे यांचा जन्म १८९५ चा, पेण तालुक्यातील गागोदे गावचा. त्यांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे काम सुरू केले. संस्कृतचे विद्वान परचुरेशास्त्री हा रोग घेऊन १९३९ मध्ये सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांचे अंग चोळून दिले. पुढे बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. औषध हाती येण्याच्या उंबरठ्यावर महाराष्ट्रात सेवेची ही परंपरा तयार झाली होती.

१९.
बाबा आमटे यांच्या आयुष्यातील एक प्रसंग आपल्याला डॅनियल्सनकडे परत नेतो. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकत असताना, औषधांच्या प्रयोगासाठी रोगी मिळावा म्हणून त्यांनी या रोगाचे जंतू स्वतःला टोचून घेतले, असे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे. त्यांनाही रोग झाला नाही. डॅनियल्सन यांनी अशाच अनुभवावरून रोग संसर्गजन्य नाही असे ठरवले होते. मग जंतू खरा असूनही हे दोघे वाचले कसे?

२०.
कारण बहुतेक माणसे वाचतातच. आजच्या माहितीप्रमाणे सुमारे ९५ टक्के लोकांची प्रतिकारशक्ती हा जंतू परतवून लावते. एका घरात, एका खोलीत, वर्षानुवर्षे राहूनही पाचजणांपैकी चौघे निरोगी राहू शकतात. संसर्ग हे कारण आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. आणि इथेच हाकलून लावलेली आनुवंशिकता मागच्या दाराने परत येते.

२१.
१९७३ मध्ये चक्रवर्ती आणि फोगेल यांनी भारतातील जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांची जनुके सारखी असतात, द्विबीज जुळ्यांची साध्या भावंडांइतकीच जुळतात, घर मात्र दोन्ही प्रकारांत एकच असते. ६२ एकबीज जोड्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांत दोघांनाही रोग झालेला आढळला. ४० द्विबीज जोड्यांत हे प्रमाण २० टक्के होते. म्हणजे जनुकांचा वाटा निश्चित आहे. पण उरलेले ४० टक्केही पाहा. जनुके अगदी तीच, तरी एकाला रोग आणि दुसरा निरोगी. जनुके शक्यता वाढवतात वा घटवतात, निकाल लावत नाहीत.

२२.
२००४ मध्ये व्हिएतनामी कुटुंबांच्या अभ्यासातून सहाव्या गुणसूत्रावरील पार्क-२ आणि पीएसीआरजी या शेजारच्या जनुकांचा कुष्ठरोगाच्या प्रवणतेशी संबंध दिसून आला. पार्क-२ मधील बिघाडाने तरुणपणी येणारा कंपवातही होतो. पुढील वर्षांत प्रतिकारशक्तीशी निगडित आणखी जनुके सापडली. यातले कोणतेही जनुक स्वतः कुष्ठरोग घडवीत नाही. जंतू आलाच तर शरीर त्याच्याशी कसे वागेल, एवढेच त्यांच्या हाती असते. सिकलसेलशी तुलना केली की फरक उमगतो. विदर्भात आणि सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा तो आजार हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराच्या बदलाने होतो आणि आईबाप दोघांकडून ते जनुक आले तर मूल तो घेऊनच जन्मते. कुष्ठरोगात मूल जंतू घेऊन जन्मत नाही, फार तर त्याच्यापुढची एक दुबळी वेस घेऊन जन्मते.

२३.
आणि तिसरा घटक, जो ना रक्तात आहे ना सूक्ष्मदर्शकाखाली : दारिद्र्य. कोंदट खोली, अपुरे अन्न, शेजारी शेजारी निजणारी माणसे. नॉर्वेत या रोगाचा कणा मोडला तो औषध सापडण्यापूर्वीच. त्यात रुग्णांच्या विलगीकरणाचा वाटा किती आणि सुधारलेल्या राहणीमानाचा किती, यावर अभ्यासक वाद घालतात, पण बदललेल्या घरांचा वाटा कोणी नाकारीत नाही. आजच्या वैद्यकातील बहुतेक रोग, मग तो मधुमेह असो वा क्षय, असेच तीन पायांवर उभे असतात : जनुके, बाहेरचा आघात आणि परिस्थिती.

२४.
औषधांचा इतिहास थोडक्यात. १९४० च्या दशकात सल्फोन गटातील औषधे आली, त्यांतले डॅप्सोन स्वस्त आणि गुणकारी ठरले. जंतू त्याला दाद देईनासा झाला, तेव्हा १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली. सहा महिने किंवा एक वर्षाच्या उपचाराने रोग पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू होताच रुग्णापासूनचा संसर्ग लवकरच थांबतो. डिसेंबर २००५ अखेर भारताने दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले.

२५.
पण उद्दिष्ट गाठणे म्हणजे रोग संपणे नव्हे. त्याच दशकात मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चच्या संशोधकांनी रायगडमधील पनवेल तालुक्यात घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा सरकारी नोंदीत नसलेले रुग्ण सापडले. पनवेलजवळ नेरे येथील शांतिवनासारख्या संस्थेने कुष्ठरुग्णांसाठी दीर्घकाळ काम केले, तो हाच तालुका. देशात आजही दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण नोंदले जातात. नोंद न होण्याचे मोठे कारण लपवणूक, आणि लपवणुकीचे कारण दीडशे वर्षांपूर्वीचेच : मुलांची लग्ने.

२६.
कायदे मात्र बदलले. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. २०१९ मध्ये घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग वगळला गेला. हान्सेन यांना जंतू दिसल्यापासून १४६ वर्षांनी.

२७.
आता आरोग्यसेविका नव्या रुग्णाच्या घरी जाते, तेव्हा तीही घरच्यांची चौकशी करते. एका छपराखाली कोण कोण राहते, कोणाच्या अंगावर फिकट वा लालसर चट्टा आहे, तिथे स्पर्श कळतो की नाही. निरोगी सहवासितांना रिफाम्पिसिनची एक मात्रा दिली जाते, म्हणजे पुढची कडी तुटते. ती नाती विचारते, पण गोत्र विचारत नाही. कोण कोणाच्या शेजारी निजते, हे तिला हवे असते. अशा बधिर चट्ट्याकडे दुर्लक्ष करू नका, तपासणी आणि उपचार सरकारी दवाखान्यात विनामूल्य आहेत. लवकर आलेल्या माणसाची बोटे, डोळे आणि काम, तिन्ही शाबूत राहतात.